आमच्या डोक्यावरच्या ४०० फुटांबद्दल

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : गावांवरून कमी उंचीवर उडणारे ड्रोन आणि खाली राहणाऱ्यांचा माहितीचा हक्क

महोदय,

गावावर रात्री ड्रोन दिसला की पहिला फोन पोलीस पाटलाला येतो. "पाटील, वर फिरतंय ते कोणाचं?" पदावर असताना हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकला. उत्तर देण्याचं कोणतंही साधन माझ्याकडे नव्हतं. मी ज्या ठाणे अंमलदाराला फोन लावायचो, त्याच्याकडेही नव्हतं. आता मी पदावर नाही, माझ्या जागी नवे पाटील आहेत आणि त्यांनाही तेच फोन येतात. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी लिहितो आहे.

२०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, नगर, बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत रात्रीचे ड्रोन दिसल्याच्या बातम्या रोज येत होत्या. विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, चौकशीची आश्वासनं मिळाली. गावोगाव तरुण हातात काठ्या घेऊन जागू लागले. पाऊस झाला, पेरण्या लागल्या, बातम्या थांबल्या. त्यातले ड्रोन किती, विमानं किती आणि नुसत्या अफवा किती, याचा गावनिहाय खुलासा आमच्यासारख्यांपर्यंत कधी पोचला नाही. म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा तीच भीती, तेच फोन.

मी कायद्याचा पदवीधर नाही. पण या फोनांमुळे नियम वाचत गेलो आणि ते वाईट नाहीत असं माझं मत झालं. माणसं बसलेल्या छोट्या विमानासाठी हिशोब स्वच्छ आहे. वैमानिक डोळ्यांनी पाहून विमान चालवत असेल, तर शहर, गाव, वस्ती किंवा उघड्यावर जमलेल्या माणसांवरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर राहायचं. इतरत्र जमिनीपासून किमान १५० मीटर. अपवाद उतरताना, उड्डाण घेताना आणि खास परवानगी असताना. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि आपणही तोच पाळतो. त्यामागचं कारण उघड आहे. इंजिन बंद पडलं तर वैमानिकाला मोकळी जागा गाठायला उंची हवी आणि खालच्या माणसाच्या घरावर काही पडू नये. म्हणजे हा नियम बांधताना कोणीतरी खालच्या माणसाचा विचार केला होता.

या १५० मीटरच्या खाली जे आकाश उरलं, ते २०२१ च्या ड्रोन नियमांनी ड्रोनला दिलं. सरकारने आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडून जो ड्रोनचा नकाशा केला, त्यावर जो भाग हिरवा, तिथे १२० मीटरपर्यंत म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडायला आधी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर. त्याहून जवळ किंवा त्याहून उंच जायचं तर पिवळा भाग, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी. शेतीचा बहुतेक प्रदेश हिरवा आहे. शिरूर तालुक्यातली आमची शिवारंही बव्हंशी हिरवीच.

१२० मीटर किती, ते जमिनीवर उभं राहून पाहावं. गावातली पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर, सगळं त्याच्या आत येतं. ज्या गच्चीवर बाया पापड वाळवतात आणि उन्हाळ्यात अख्खं घर झोपतं, ती गच्ची तर १० मीटरही नसते. ड्रोनने किती उंच जाऊ नये हे नियम सांगतो. किती खाली येऊ नये, घरापासून किती लांब राहावं, हे सांगत नाही. माणसांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवू नये, एवढं एक सर्वसाधारण वाक्य आहे. त्यामुळे नियमानुसार, नोंदणी करून, हिरव्या भागात एखाद्याच्या अंगणावर २० मीटरवरून ड्रोन फिरवणाऱ्याला पाटलाने कोणत्या नियमाने थांबवायचं, हे मला आजही सांगता येत नाही.

आधी असं नव्हतं. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या ड्रोनच्या पहिल्या नियमावलीत उड्डाण दिवसाच करायचं होतं, ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा होता आणि स्थानिक पोलिसांना आधी कळवायचं होतं. ती नियमावली इतकी जाचक होती की साधा शेतकरी किंवा छोटा फोटोग्राफर तिच्या वाटेलाच जाऊ शकत नव्हता. मार्च २०२१ मध्ये तिच्या जागी तसेच जाचक नवे नियम आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते सैल केले गेले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर आले. दंडाची कमाल मर्यादा एक लाख ठरली. हे सैल करणं योग्यच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण जाचक कागद काढताना पोलिसांना कळवण्याची ओळही निघून गेली आणि रात्रीच्या उड्डाणावरची सरसकट मनाईही. उडवणाऱ्याचा त्रास कमी झाला. खाली राहणाऱ्याला जी एक माहिती मिळण्याची शक्यता होती, ती त्याच्याशी काही न बोलता गेली.

जमिनीच्या मालकाला वरच्या हवेबद्दल काय हक्क आहे, तेही पाहिलं. १९३४ च्या विमान कायद्याच्या कलम १७ नुसार, वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी असलेल्या उंचीवरून विमान गेलं, एवढ्याच कारणासाठी अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दावा चालत नाही. (त्या कायद्याच्या व्याख्येत पतंगसुद्धा विमानात मोडतो.) १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला, पण चौकट बहुतेक जुनीच आहे. "वाजवी उंची" हे शब्द लिहिले गेले तेव्हा कोणाच्या खिडकीसमोर स्थिर उभं राहणारं यंत्र कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. अमेरिकेत हा वाद १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉझ्बी नावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्या खुराड्यावरून अगदी खालून जाणाऱ्या लष्करी विमानांना घाबरून भिंतींवर आपटून मेल्या होत्या. त्या न्यायालयाने सांगितलं की आकाश सगळ्यांचं असलं, तरी जमिनीच्या वापरासाठी जेवढी हवा लागते तेवढ्यावर मालकाचा हक्क आहे. आमच्या भागात पोल्ट्रीच्या शेड जागोजाग आहेत. बुजलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून कशा मरतात, ते इथे कोणालाही विचारा. आपल्याकडे ही रेघ कोणी आखलेली नाही.

आता रात्रीच्या फोनांकडे येतो. वर दिवे लुकलुकताना दिसले की पाटलाला काय काय शक्यता धरून चालावं लागतं? जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा ऊस आणि बिबट्याचा पट्टा. बिबट्या शोधायला वन विभाग थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन आणतो आणि तो अंधारातच उपयोगाचा. महामार्गाची, कालव्याची, वीजवाहिनीची पाहणी करणारे ठेकेदार असतात. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं असतात आणि हळदीची रात्र त्यांना हमखास सापडते. कोणी नवा ड्रोन घेतला म्हणून उडवून बघतो. आणि कितीदा तरी ते लोहगावला उतरणारं विमान असतं. डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, सरळ रेषेत जाणार, कुठे थांबणार नाही. एकदा नीट दाखवलं की माणसाला ओळखू येतं, पण दाखवणारा हवा.

चोर ड्रोनने टेहळणी करतात, ही गावातली सगळ्यात पक्की समजूत. मी माझ्यापुरता विचार केला. लग्नात वापरतात तो साधा कॅमेऱ्याचा ड्रोन अंधारात फारसं काही पाहू शकत नाही, बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपास चालते, आवाज करतो आणि दिवे लुकलुकत राहतात. घरफोडी करणाऱ्याला याहून वाईट साथीदार मिळणार नाही. हे मी लोकांना सांगत आलो. पण "मग आहे कोणाचा?" या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे शब्द नसायचे आणि तिथे माझ्या आधीच्या सगळ्या बोलण्याचं वजन संपायचं. माणसाला तर्क पुरत नाही, त्याला नाव लागतं. नाव मिळालं नाही की तो स्वतः एक नाव ठरवतो.

मला रात्री झोप लागायची नाही ती ड्रोनमुळे नाही, काठ्यांमुळे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, साक्री तालुक्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची. तिथे ड्रोनचा काही संबंध नव्हता. मोबाइलवर फिरणारे मेसेज होते, अनोळखी चेहरे होते आणि विचारायला विश्वासाची जागा नव्हती. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर उत्तर प्रदेशात ड्रोनची भीती पसरली, तेव्हा "ड्रोनवाले चोर" म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना मारहाण झाली. ऑक्टोबरमध्ये रायबरेली जिल्ह्यात अशाच संशयाच्या वातावरणात एका दलित माणसाचा जमावाने जीव घेतला.

आमच्याकडे ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात, मेंढपाळ कळपं घेऊन रानात मुक्कामाला असतात, कारखान्यांच्या पट्ट्यात बिहार-ओडिशाची पोरं रात्रपाळीवरून चालत घरी जातात. गस्तीच्या काठीसमोर पहिला कोण येतो? ड्रोन उडवणारा येत नाही, तो दोन किलोमीटरवर गाडीत बसलेला असतो. समोर येतो तो वाटेने जाणारा परका माणूस. गस्तीवरच्या पोरांना मी दरवेळी सांगायचो की कोणाला हात लावायचा नाही, नाव-गाव विचारायचं आणि मला फोन करायचा. त्यांनी ऐकलं, हे आमच्या गावाचं भाग्य. भाग्यावर किती गावं सोडायची, याचा विचार आपण दोघांनी करावा.

आधी माहिती दिली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचं काम, जे पुढे २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजना म्हणून देशभर सुरू झालं, ते आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात करून पाहिलं गेलं. या मोजणीची पद्धत मी आमच्या भागातही जवळून पाहिली आहे. आधी ग्रामसभा होते. भूमी अभिलेखचे लोक येऊन समजावतात. मग प्रत्येकाने आपापल्या मिळकतीची हद्द चुन्याच्या फक्कीने आखायची, म्हणजे वरच्या फोटोत ती पांढरी दिसते. भाऊबंदकीत तिथेच थोडी खडाजंगी होते आणि बरंचसं तिथेच मिटतं. ड्रोन उडतो त्या दिवशी शाळेची मुलं अंगणात येऊन हात हलवतात. म्हाताऱ्या बायका विचारतात, माझं घर नीट आलं का? ड्रोन अगदी घरांवरूनच उडतो, घराघराचा फोटो काढतो, तरी कोणी घाबरत नाही. कोणाचा आहे, कशासाठी आहे, काढलेल्या चित्राचं पुढे काय होणार आहे आणि आपल्या हातात काय पडणार आहे, हे सगळ्यांना माहीत असतं.

आता त्याच पुरंदर तालुक्यातली दुसरी गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात नियोजित विमानतळासाठी बाधित गावांत ड्रोनने मोजणी करायला गेलेल्या यंत्रणेला लोकांनी विरोध केला. कुंभारवळणजवळ गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, दगड आणि लाठ्या चालल्या. विमानतळ व्हावा की नाही, हा या पत्राचा विषय नाही. तिथला राग जमिनीचा होता, नुसत्या यंत्राचा नव्हता, हेही मला कळतं. पण दोन्हीकडे उडणारं यंत्र जवळपास एकच. एका ठिकाणी लोकांनी त्याच्यासाठी चुना टाकला, दुसऱ्या ठिकाणी ते लोकांच्या मनाविरुद्ध वर आलं. खालच्या माणसाला विचारात घेणं ही ड्रोनच्या कामातली अडचण नसून त्या कामाचा भाग आहे, हे सोनोरीने दाखवलं होतं. राज्याने तो धडा गावठाणाच्या मोजणीपुरताच का ठेवला?

दुसऱ्या बाजूचंही लिहिलं पाहिजे, कारण भीतीचा सगळ्यात मोठा फटका ज्यांना बसतो त्या माझ्या गावातल्याच बाया आहेत. आमच्या इथल्या एका बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आला. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत अशा १५,००० गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. गटातल्या एका ताईने १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळवलं. १० लिटरची टाकी, एकराची फवारणी चहा होईपर्यंत आटोपते. याचं मोल ज्यांनी पाठीवर पंप घेऊन औषध मारलं आहे त्यांना कळेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली आणि औषध तोंडावर येत होतं. ड्रोनने माणूस त्या फवाऱ्यातून बाहेर काढला. हे यंत्र गावात राहिलं पाहिजे.

फवारणी वारा पडल्यावर करतात, म्हणजे पहाटे किंवा सूर्य मावळता. भर दुपारच्या उन्हात औषध उडून जातं, वाऱ्यावर शेजारच्या रानात जातं. आमच्या या ताई शेजारच्या गावात संध्याकाळी एका कांद्याच्या रानात फवारणीला गेल्या होत्या. मोटारसायकलींवर पोरं आली, टेम्पोला घेराव घातला, हातातला रिमोट काढून घेतला. ओळखीचा माणूस धावत आला म्हणून निभावलं. प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक, विमा, सगळे कागद बाईच्या पिशवीत होते. ते वाचायच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हतं. तेव्हापासून त्या उन्हं उतरायच्या आत काम आवरून घरी येतात. ज्यांच्याकडे एकूण एक कागद होता, त्यांनी वेळ सोडली. नियम न पाळणारे रात्री उडवत राहिले.

भीती वाढली की प्रशासन मनाई आदेश काढतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जिल्ह्या-शहरांत ड्रोनबंदी जाहीर होते. मोठ्या सभेला, अतिमहत्त्वाच्या व्यक्तीच्या दौऱ्याला ती समजू शकतो. पण अख्ख्या जिल्ह्यावर घातलेली बंदी पाळणार कोण? पिशवीत कागद असलेली ताई. खुद्द ड्रोन नियमांत याहून चांगली तरतूद आहे. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी ठरावीक भागापुरता तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी आणि तो भाग विनाकारण मोठा असू नये असंही तिथेच लिहिलं आहे. ज्याने हे लिहिलं त्याला मी धन्यवाद देतो. मा. पोलीस महासंचालक, आपल्या अधीक्षकांना तीच तरतूद वापरायला सांगा. नेमकी गावं, नेमके दिवस.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी आला. त्यात तुरुंगवास आहे, जप्तीचे अधिकार आहेत. शिक्षा कडक करायला माझी ना नाही. पण ज्याचं नाव कळत नाही त्याला एक लाखाचा दंड आणि तीन वर्षांची कैद सारखीच दूर. आधी ओळख, मग शिक्षा, हा क्रम पाळला नाही तर कडक कायदा सापडेल त्याच्यावर चालेल आणि सापडणार कोण, ते वर लिहिलं आहे.

ओळखीचा उपाय आपल्याच नियमांत लिहून ठेवलेला आहे. ड्रोनने उडताना आपली जागा, उंची, वेग आणि क्रमांक सांगणारा संदेश सतत सोडायचा, ही सोय सक्तीची करण्याचा अधिकार केंद्राने २०२१ च्या नियमांत स्वतःकडे राखला आणि अंमलासाठी किमान सहा महिने देऊ असंही म्हटलं. ती सक्ती आमच्या शिवारापर्यंत आलेली नाही. अमेरिकेत नोंदणी लागणाऱ्या ड्रोनना १६ सप्टेंबर २०२३ पासून ती बंधनकारक झाली आणि १६ मार्च २०२४ पासून कारवाईही सुरू झाली. युरोपात १ जानेवारी २०२४ पासून आहे. तिथे रस्त्यावरचा माणूस साध्या मोबाइलवर तो संदेश पकडू शकतो. यंत्राचा क्रमांक त्याला दिसतो, मालकाचं नाव-पत्ता फक्त सरकारी यंत्रणेला.

अमेरिकेच्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र इथे जशीच्या तशी आणू नये. तिथे ड्रोन उडवणारा कुठे उभा आहे, हेही लोकांना दिसतं. आमच्याकडे ते दिसलं तर जमाव मोबाइल बघत थेट त्या माणसापर्यंत पोचेल आणि तो माणूस म्हणजे बांधावर एकटी उभी असलेली आमची ताईच असेल. लोकांना क्रमांक आणि काम कळू द्या, "वन विभाग, पाहणी" किंवा "शेती, फवारणी" एवढं पुरे. उडवणारा कुठे आहे, ते फक्त पोलीस नियंत्रण कक्षाला दिसावं. मा. महासंचालक, नियम लिहिताना हा फरक कृपा करून लक्षात ठेवा. तारीखही जाहीर करा. नोंदणीकृत प्रत्येक ड्रोनला अमुक दिवसापासून, असं ठरलं की बाजार आपोआप वळेल.

त्याला वेळ लागेल. तोवरचं काम महाराष्ट्रात उद्यापासून सुरू होऊ शकतं आणि त्याला दिल्लीचा एकही कागद लागत नाही. गावांवरून बरेच ड्रोन सरकारी कामासाठी उडतात, कधी विभागाचे, कधी ठेकेदाराचे. राज्याने एक शासन निर्णय काढावा : कोणत्याही विभागाचा किंवा त्याच्या ठेकेदाराचा ड्रोन गावठाणावरून किंवा सूर्यास्तानंतर उडणार असेल, तर आदल्या दिवशी जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात नोंद आणि ग्रामपंचायतीला निरोप. परवानगीची गोष्ट मी करत नाही, परवानगी मागायला लावली की पुन्हा २०१८ चा जाच आणि टेबलाखालचे व्यवहार सुरू होतात. फक्त कळवा. बिबट्याच्या मागावर तातडीने उडवायचा असेल तर उडवतानाच फोन करा. दिवसा, स्वतःच्या किंवा सांगितलेल्या रानात फवारणी करणाऱ्याला यातून मोकळं ठेवा, नाहीतर बोजा पुन्हा बायांवरच येईल.

निरोप गावापर्यंत पोचवायची व्यवस्था तयार आहे. ग्राम सुरक्षा यंत्रणा आमच्या भागात अनेक गावांत चालते, एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाइलवर बोललेला संदेश जातो. चोरी, आग, बिबट्या, हरवलेलं मूल, सगळ्याला ती वापरली आहे. "आज रात्री आठ ते दहा वन विभागाचा ड्रोन उसाच्या पट्ट्यात फिरणार आहे, घाबरू नये" एवढं त्यावर बोलायला अर्धा मिनिट लागतो. ज्या रात्री असा संदेश आलेला नाही आणि ड्रोन दिसतो आहे, त्या रात्री नियंत्रण कक्षालाही कळेल की हा नोंदीतला नाही, याचा माग काढायला हवा. आज दोन्ही रात्री सारख्याच दिसतात.

आणखी एक विनंती पोलीस महासंचालकांना. ड्रोनची तक्रार आली, चौकशी झाली, तर निष्कर्ष त्या गावाला सांगा. विमान निघालं तर विमान म्हणून सांगा. लग्नाचा होता, दंड केला, हे सांगा. काही सापडलं नाही तर तेही सांगा. ठाण्याच्या फलकावर दोन ओळी लावल्या तरी चालतील. गस्तीसाठी लेखी सूचनाही द्या : गस्तीवरच्यांची नावं ठाण्यात नोंदलेली असावीत, अनोळखी माणसाला मारहाण म्हणजे गुन्हा आणि ड्रोनवर दगड किंवा बंदूक चालवू नये. त्याची बॅटरी पेट घेते आणि तो पडतो तो खालच्याच कोणाच्या तरी घरावर. हे पाटलाने सांगणं वेगळं आणि अधीक्षकांच्या सहीने येणं वेगळं.

हिरव्या, पिवळ्या, लाल भागांचा तो नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आहे. तो मराठीत द्या, हे मागणं लहान आहे पण लिहून ठेवतो. ज्या आकाशाबद्दल आहे, त्याच्याखाली राहणाऱ्याला तो वाचता यायला हवा.

१ मेच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. गावठाणावरून आणि रात्री उडणाऱ्या ड्रोनची आगाऊ सूचना ग्रामपंचायतीला मिळावी, असा ठराव असेल. बचत गटाच्या ताई सूचक असतील, त्यांनी होकार दिला आहे. शेजारच्या गावांतल्या पाटलांशीही बोलणं झालं आहे, तेही आपापल्या सभेत हाच विषय घेणार आहेत. ठरावांच्या प्रती दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टाने पाठवू. उत्तर मराठीत आलं तर सभेत जसंच्या तसं वाचून दाखवता येईल.

आपला,
एक माजी पोलीस पाटील
तालुका शिरूर, जिल्हा पुणे